सुरंगीच्या वतीने

“सोमवारी बाबुसो कुऱ्हाड घेवन येतलो,” असं म्हणत आप्पांनी सुरंगीच्या बुंध्याभोवती गुंडाळलेली सुतळी सोडली आणि माप राहावं म्हणून तिला गाठ मारली. “गोठ्याक दोन खांब खात्रीन निघतले.”

माझ्या सासूबाई खळ्यात, म्हणजे घरामागच्या सारवलेल्या अंगणात, तांदूळ पाखडत बसल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणत असे. सुपाचा आवाज थांबला.

“इतकी घाई कित्याक?” त्यांनी विचारलं.

“घाई? वाट बघून माझे केस पिकले. नुसती पानाच पाना. जे झाड फुलणा नाय, ता ठेवन करूचा काय?”

मी नुकतीच शाळेतून येऊन पायांवर पाणी घेत होते. आईंनी झटकन माझ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे, आणि सूप असं आपटलं की निम्मे तांदूळ खळ्यात सांडले. एका झाडासाठी माणसाने एवढं चिडावं याचं मला आश्चर्य वाटलं. आप्पांनी मात्र ते सांडलेले तांदूळ पाहिले, सुतळी खिशात घातली आणि मागच्या दाराने घरात निघून गेले.

आमचं गाव वेंगुर्ल्याच्या खाली, समुद्राचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. मी मूळची कोल्हापूरकडची. हे बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी येत. मी गावच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते, आणि घरात आम्ही तिघंच, सासरे आप्पा, आई आणि मी.

सुरंगी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तिची फुलं इतर झाडांसारखी शेंड्याला येत नाहीत. जुन्या, जाड फांद्यांच्या लाकडातूनच ती बाहेर फुटतात, पांढरी, मधे पिवळ्या केसरांचा झुबका. शिमग्याच्या आसपास थोडे दिवसच तो बहर असतो. त्या दिवसांत तिकडच्या बायका सुरंगीचे वळेसार करतात, म्हणजे गजरे, आणि फुलं वाळून कडक झाली तरी वास जात नाही म्हणून ते वळेसार ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवतात. आईंचं माहेर सुरंगीचं गाव. लग्न होऊन येताना त्यांनी पदराच्या गाठीत एक बी आणलं होतं. ते न्हाणीच्या मागे, जिथे बारा महिने पाणी वाहतं अशा जागी लावलं. रोज आंघोळीचं पाणी तिकडे, तांदूळ धुतलेलं पाणी तिकडे, वर घागर वेगळी. शेणखताची पहिली पाटी सुरंगीची. झाड काळंभोर, चकचकीत झालं, घराच्या कौलांवर गेलं, पण त्याला एक फूल कधी आलं नाही.

त्या दिवाळीत आप्पांनी न्हाणीला सिमेंट केलं आणि पाण्याचा पाट फिरवून केळींकडे नेला. “तोडूच्या झाडाक पाणी कित्याक?” असं म्हणाले. आईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे घागरही बंद झाली. माघात सुरंगीची पानं जरा मलूल दिसू लागली, आणि आप्पांनी सुतळी काढली.

पण सोमवारच्या आधी शनिवार होता, आणि शनिवारी सूर्यग्रहण होतं.

साधंसुधं नव्हे. आमच्या दक्षिणेला, कारवारच्या पलीकडे, सूर्य पूर्ण झाकला जाणार होता. आमच्याकडे जेमतेम सुतभर उरणार होता. त्या आठवड्यात गावात दुसरा विषयच नव्हता. कोणी सांगे गाई दूध आटवतील, कोणी सांगे समुद्र मागे जाईल. माझा तर पाय जमिनीवर ठरत नव्हता. वर्गात कंदील पेटवून मी त्याला सूर्य केलं आणि प्रत्येक मुलाला डोळ्यासमोर सुपारी धरायला लावली.

“बाई, सुपारी इतकीशी आणि कंदील अख्खो गेलो,” फिलू म्हणाली.

“कशाने गेला?”

तिने सुपारी पुढे नेली, मागे आणली, परत पुढे नेली. “सुपारी लागीं असा म्हणान. कंदील लांब असा.”

फिलू म्हणजे फिलोमिना डिसोजा. चौथीत होती. कोणतीही गोष्ट सांगितली की खरी आहे का ते आधी स्वतः करून बघणार, मग मान हलवणार. अशी एक मुलगी वर्गात असली की शिकवण्याला चव येते.

“शनिवारी दुपारी माझ्या खळ्यात या,” मी मुलांना सांगितलं. “सूर्याकडे बघायचं नाही. काळी काच नाही, पाण्यात नाही, हाताच्या फटीतून नाही. डोळे जातात. आपण खाली जमिनीवर बघायचं.”

मग तुळसकरांचा विलास म्हणाला, “आमका सोडूचे नाय, बाई. गिराण लागता.”

“आमच्या घराक गिराण लागणा नाय,” फिलू म्हणाली. “मी येतलंय.”

मी हसले, पण घरी जाताना मला आठवलं. खळं माझं नव्हतं. आप्पा ग्रहण कडक पाळत. दारं बंद, खिडक्या बंद, देवाच्या खोलीत जप. आणि आई त्यांच्याहून कडक.

शुक्रवारी संध्याकाळी मी भाकऱ्या थापत असताना आईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि पाट ओढून माझ्या शेजारी बसल्या.

“शालन, तुझ्या पोरांका उद्या खळ्यात हाड.”

हाड म्हणजे आण. माझ्या हातातली भाकरी परातीत पडली.

“तुम्हांला कोणी सांगितलं?”

“अख्ख्या गावान सांगितलान. हाड पोरांका. पण माझा एक काम असा.” त्यांनी आवाज आणखी खाली घेतला. “आमच्या माहेराक, झाड फुलणा नसला तर गिराणात तेका मुसळ मारतत. एकट्यान मारून चलणा नाय. एकान मारूचा आणि इचारूचा, फुलतंस काय तोडू? दुसऱ्यान झाडाच्या वतीन सांगूचा, तोडू नको, अवंदा फुलतंय. मी मारतलंय. तू बोल.”

“मी? झाड होऊन?”

“मग कोण? आप्पा? ते तर तोड म्हणान सांगतले.”

“आणि त्यांना कळलं तर?”

“ते जपाक बसले काय गिराण सुटल्याशिवाय उठणत नाय. कडयेक मी खोबरेल घातलंय, आवाज येवचो नाय.”

ग्रहणात उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणारी ही बाई दाराच्या कडीला तेल घालून आली होती. मुसळाने झाड फुलतं असं मला वाटत नव्हतं, आणि ग्रहणात बाहेर गेलं तर काही होत नाही असं त्यांना वाटत नव्हतं. पण दोघींना दुपारी खळ्यात जायचं होतं. मी म्हटलं, “बरं. पण मालवणीतच बोलायला हवं का?”

“झाड हयला. तुझा कोल्हापुरी तेका कळाचा नाय.”

मग चुलीपुढे बसून आमची तालीम झाली. “अवंदा फुलतंय,” मी म्हणायची, आणि आई मान हलवायच्या. “तसा नाय गो. अजिजीन सांग. मान कापूक इलेल्याक कोणी असा सांगता?”

शनिवारी जेवणं लवकर आटोपली. उरलेल्यावर तुळशीपत्रं पडली. आप्पांनी सगळ्या खिडक्या स्वतः लावल्या, “कोणीय भायर पडूचा नाय,” असं बजावलं आणि देवाच्या खोलीत शिरले. थोड्या वेळात आतून जपाची गुणगुण सुरू झाली. आईंनी मला डोळ्याने खूण केली. कडी लोण्यातून निघावी तशी निघाली.

फिलू आधीच दगडी गडग्यावर बसली होती, चिंच चोखत. तिच्यामागून, माडांच्या आडून, एकेक डोकं वर येऊ लागलं. विलास आला. केळुसकरांच्या दोघी बहिणी आल्या. आणखीही आले.

“घरी काय सांगितलंत?” मी दबक्या आवाजात विचारलं.

“परसाकडे जातंय म्हणान,” विलास म्हणाला.

“सगळ्यांनीच?”

“होय.”

त्या दुपारी गावात किती पोटं एकदम बिघडली असतील, याचा विचार करून मला हसू आवरेना.

मुलांना सुरंगीच्या सावलीत गोल बसवलं. खळं आदल्या दिवशीच शेणाने सारवलेलं होतं, गुळगुळीत. पानांच्या फटींतून उन्हाचे गोल कवडसे पडले होते, एरवी रोज पडतात तसेच.

“काय बघूचा, बाई?”

“जमीन.”

“जमीन रोजची असा.”

“थांब थोडं. वर बघायचं नाही. कोणी वर बघितलं तर घरी पाठवीन.”

थांबणं मुलांना जड जातं. मला त्याहून जड जात होतं. मी वाचलं होतं, पण पाहिलं कधीच नव्हतं. न घडलं तर? विलास मुंग्यांच्या रांगेत काडी घालू लागला. धाकटी केळुसकर म्हणाली, तिला आता खरंच परसाकडे जायचंय. तेवढ्यात फिलू पुढे वाकली, वाकून वाकून तिचं नाक शेणाला लागायची वेळ आली.

“बाई,” ती म्हणाली, “काजूगर पडले.”

खरंच. एकही कवडसा आता गोल नव्हता. प्रत्येकाची एक बाजू कोणीतरी चावून नेल्यासारखी, आणि सगळे एकाच बाजूने चावलेले. खळ्यात शेकडो काजूगर सांडले होते, सोललेले, पांढरे, वाऱ्याबरोबर हलणारे. मुलं एकदम गुडघ्यांवर आली. कोणी ते चिमटीत धरायला लागलं, कोणी ओंजळ पुढे केली तर ओंजळीतही दोन काजूगर.

“माझ्या पाठीवर बघा, किती असत?”

“तुझ्या टकल्यावर एक असा.”

“बाई, ह्यो सूर्य?” फिलूने तळहातावरचा काजूगर माझ्यापुढे धरला. “ह्यो खरो सूर्य?”

“खरा. पानांच्या फटीतून त्याचं चित्र पडलंय. रोजचे गोल कवडसे पण सूर्याचंच चित्र असतं. तो रोज गोल असतो म्हणून आपल्याला कळत नाही.”

तिने तळहात पुढे नेला, मागे आणला. मग मान हलवली. “कंदील आणि सुपारी,” ती म्हणाली.

मुलांना किंचाळायचं होतं आणि किंचाळता येत नव्हतं, आत जप चालू होता. तोंडावर हात दाबून ती नुसती उड्या मारत होती. मीही मारल्या असतील. काजूगर बारीक होत चालले. ऊन पिवळं न होता राखाडी होऊ लागलं. समुद्राकडून गार वारा आला आणि आमच्या कोंबड्या ओळीने खुराड्यात शिरल्या.

त्याच वेळी मागच्या दारातून आई बाहेर आल्या. डोकं पदराने गच्च गुंडाळलेलं, पदराखाली मुसळ.

“काकी कोणाक मारतत?” विलास मागे सरकत म्हणाला.

“तुका नाय. उगी रव.”

आयुष्यात पहिल्यांदा त्या ग्रहणात उघड्यावर उभ्या होत्या. पण पावलं सरळ सुरंगीकडे गेली. मी झाडाच्या मागे जाऊन उभी राहिले, ठरल्याप्रमाणे, बुंध्याला पाठ लावून. आईंनी दोन्ही हातांनी मुसळ वर उचललं.

“सुरंगे,” त्या म्हणाल्या, “फुलतंस काय तोडू?”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारच्या घराची खिडकी बोटभर उघडली. कावेरीकाकी. वाईट बाई नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं.

“वैनी,” ती हसत म्हणाली, “मुसळ वर असाच तर सुनेकय इचार, फुलतंस काय म्हणान.”

माझ्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. असं थट्टेत बोललेलं मी पूर्वीही ऐकलं होतं, विहिरीवर, हळदीकुंकवात. त्याला उत्तर द्यायची सवय नव्हती, हसायची होती. पण त्या क्षणी मी झाडाच्या वतीने उभी होते. ओठांवर आलेलं “अवंदा फुलतंय” तिथेच अडकलं.

मी वळून पाहिलं. मुसळ अजून वरच होतं. आई कावेरीकाकीकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि चेहऱ्यावर तेच होतं जे त्या दिवशी तांदूळ सांडताना होतं. मग त्यांनी मुसळ खाली घेतलं, सावकाश, आणि बुंध्याला टेकवून ठेवलं.

“कावेरी,” त्या खिडकीकडे न बघता म्हणाल्या, “खिडकी लाव. गिराण लागात तुका.”

खिडकी बंद झाली.

“काकी, मारणास नाय?” फिलूने विचारलं.

“नाय.”

“मग झाड फुलताला कसा?”

“फुलला तर फुलला,” आई म्हणाल्या. “नाय तर रवला तसाच. आमच्यात मारीत नाय कोणाक.”

एवढं बोलून त्या खळ्यातच बसल्या. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी जमीन पाहिली. त्यांना लांबचं नीट दिसत नसे, चार हातांपलीकडे सगळं धुकं. पण हे जवळ होतं. काजूगर आता राहिले नव्हते, कापलेल्या नखांसारख्या बारीक, लखलखीत कोरी उरल्या होत्या. त्यांच्या लुगड्यावर, पायांवर, बांगड्यांवर. त्यांनी हात पुढे केला. तळहातावर एक कोर येऊन थरथरत राहिली.

“ह्या काय गो?”

“सूर्य,” मुलं एकदम कुजबुजली.

“इतको बारीक झालो?” त्या म्हणाल्या. “आणि मी आयुष्यभर दार लावन बसलंय.”

सगळं निळसर झालं. क्षणभर पानसुद्धा हललं नाही. कुठेतरी रातकिडा सुरू झाला. आम्ही सगळे, लहान थोर, जमिनीकडे तोंड करून गप्प बसलो होतो. मग फिलू म्हणाली, “बाई, कुशीक वळले,” आणि खरंच, कोरी आता उलट्या बाजूला वळल्या होत्या आणि हळूहळू जाड होऊ लागल्या होत्या. कोंबडा आरवला, चुकून, मग लाजल्यासारखा थांबला. विलासने मोठ्याने टाळी वाजवली आणि सगळ्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

काजूगर परत आले, मग फुगले, मग गोल झाले. ऊन उतरलं. आतला जप संपून आप्पांच्या आंघोळीचा आवाज येऊ लागला.

“आता सूर्याकडे पाठ करा,” मी म्हटलं, “आणि वर बघा. दुपारभर ज्याने आपल्याला चित्र दाखवलं त्या झाडाला बघून घ्या आणि पळा घरी.” सोमवारचं मी बोलले नाही. मुलांना ते ठाऊक नव्हतं.

सगळ्यांनी माना वर केल्या. फिलूची मान खाली येईना.

“बाई, झाडाक पुळयो इल्यो.”

“कसल्या पुळ्या?”

“ती जाड फांदी बघा. खालसून. सगळी भरली हा.”

मी पाहिलं. काळ्या सालीतून हिरवट ठिपके वर आले होते, मिरीच्या दाण्याएवढे, एकेका ठिकाणी घोसच्या घोस. मी कोल्हापूरची. सुरंगीची कळी मी कधी पाहिलेली नव्हती. तो शब्द तोंडातून काढायला मी धजेना. चुकीचं ठरलं असतं तर आईंना ते दुसऱ्यांदा सोसवलं नसतं.

“आई,” मी म्हटलं, “जरा या.”

“माका दिसणा नाय इतक्या वर.”

“दिसायला नको. हात लावा.”

धुणं धुवायच्या दगडावर त्यांना चढवलं. मी कंबर धरली, फिलूने आणि विलासने एकेक पाय. ठेंगणी फांदी त्यांच्या हाताला लागली. त्यांनी डोळे मिटले. बोटं सालीवरून पुढे सरकली आणि थांबली. एक दाणा चिमटीत घेतला, सोडला, दुसरा घेतला. माहेरी पहाटेच्या काळोखात, दिवा नसताना, अशाच कळ्या काढायच्या हे त्यांनी मला कितीदा सांगितलं होतं. बोटांना ते आठवत होतं.

“काय असा, काकी?” विलास खालून म्हणाला. “पाय दुखतत माझे. म्हणजे तुमचे.”

फांदीवरचा हात तसाच ठेवून आईंनी दुसऱ्या हाताने माझं डोकं चाचपलं आणि केस गच्च धरले, पडू नये म्हणून धरावं तसे.

“कळे,” त्या म्हणाल्या. “कळे असत, शालन.”

आता मुलांना गप्प ठेवणं माझ्या हातात राहिलं नाही. ओल्या पंचाने आप्पा बाहेर आले तेव्हा अख्खा चौथीचा वर्ग खळ्यात नाचत होता आणि त्यांची बायको दगडावर उभी होती.

“ह्या काय चलला हा?”

“फुलला,” फिलू म्हणाली.

आप्पांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “रोग आसतलो,” ते म्हणाले, आणि आत गेले. पण जाताना त्यांनी बुंध्याला टेकलेलं मुसळ पाहिलं, मला पाहिलं, आणि ग्रहणात बाहेर पडल्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

बाबुसोला मात्र त्यांनी येऊ नको असा निरोप पाठवला नाही. एकदा सांगितलेलं मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सोमवारी सकाळी काही काम नसताना ते वेंगुर्ल्याच्या बाजारात निघून गेले. खांद्यावर कुऱ्हाड घेऊन बाबुसो आला तेव्हा आई सुरंगीच्या बुंध्याशी पाट टाकून बसल्या होत्या, मांडीवर मुसळ आडवं.

“काय वो काकी, सकाळीच कांडूक बसलास?”

“बसलंय. पण भात मिळाक नाय अजून. तू बरो गावलंस.”

बाबुसोने मुसळ पाहिलं, वर फांद्या पाहिल्या, आणि कुऱ्हाड गडग्याला टेकवून म्हणाला, “चाय तरी देशात मां?” आईंनी त्याला चहा दिला. बरोबर पोहेही दिले. मी शाळेत जायला निघाले तेव्हा तो सुरंगीखाली आरामात बसून बशीत चहा ओतत होता.

बाजारातून आल्यावर आप्पांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग पिशवी खाली ठेवली. पुढे बहर आला तेव्हा ते येणाऱ्या जाणाऱ्याला सांगू लागले की ही करामत त्यांची. “दिवाळीपास्ना पाणी मी तोडलंय, म्हणान फुलला.” त्यात तथ्य होतं. बारा महिने पाणी आणि शेणखत मिळालेलं झाड पानं काढत सुटतं, फुलायची त्याला गरजच वाटत नाही. पावसाळा संपल्यावर सुरंगीला कोरडं राहू द्यायला हवं. पुढे मी मुलांना हे त्याच झाडाखाली शिकवलं. दिवाळीनंतर पाणी घेऊन निघालेल्या आईंना अडवायचं काम मी फिलूवर सोपवलं होतं. आई तिला रागावत आणि चोरून तांब्याभर पाणी घालतच.

मला मूल झालं नाही. पहिल्या कळ्यांची ती फांदी आता माझ्या कंबरेएवढी जाड आहे. ग्रहण असलं की मुलं अजूनही आमच्या खळ्यात येतात, आता घरी सांगून येतात. पहिल्यांदा येणाऱ्याला मी काय दिसणार ते सांगत नाही. जमीन बघ म्हणते आणि थांबते. काजूगर दिसला की ती ओरडतात, आणि आता त्यांना कोणी गप्प बसवत नाही.

त्या वर्षीच्या पहिल्या तोडणीची सकाळ मात्र अजून जशीच्या तशी आहे. अजून नीट उजाडलं नव्हतं. आईंनी झाडाखाली जुनं लुगडं अंथरलं होतं. वासाने अख्खं घर भरलं होतं, मधमाश्यांचा आवाज कौलांपर्यंत येत होता. आई डोळे मिटून कळे काढत होत्या आणि मी परडी धरली होती. मग खळ्यात बसून त्यांनी केळीच्या वाखात पहिला वळेसार ओवला. न्हाणीचं पाणी ज्यांच्याकडे वळवलं होतं, त्याच केळींचा वाख.

वासामागोमाग कावेरीकाकी गडग्याशी आली. थोडी चाचरत होती.

“मुसळ लागला म्हणान फुलला हां, वैनी.”

“मारूक नाय मी. तू बघीत होतंस मां खिडकीतसून.”

“मग?”

“मग काय. फुलूचा होता, फुलला.” आईंनी परडीतली ओंजळभर फुलं तिच्या पदरात घातली. “ने. नातीक ने.”

ती गेली. आई पुन्हा ओवू लागल्या. फिलूसाठी एक बाजूला ठेवला. मग त्यांनी मला जवळ बोलावून पाठमोरं बसवलं. त्यांची बोटं माझ्या केसांत अंबाड्याची जागा शोधत होती.

“नसता फुलला तरी तोडूक दिला नसतंय,” त्या म्हणाल्या. “माझा झाड ता. कळला?”

“कळलं,” मी म्हटलं.

“मान खाली घाल तर,” त्या म्हणाल्या, आणि वळेसार माझ्या अंबाड्यात खोवला.